बोर्डावरचं तोंड माझं होतं

"मावशी, तोंड मिटून हसा ना. व्हिडिओत ते दिसतंय."

ते म्हणजे माझ्या समोरच्या दोन दातांची रिकामी जागा. सांगणारी इव्हेंटवाली होती, वयाने माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. जळगावच्या एका लॉन्सवर लग्न होतं. मी खापरावर मांडे टाकत होते. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत मोठी करायची, कोपरापर्यंत आली की तापलेल्या उलट्या खापरावर टाकायची, हे माझं काम. आता लग्नात लोक मांडा खातात कमी, बघतात जास्त. मोबाइल घेऊन चुलीभोवती उभे राहतात.

मी ऐकलं नाही असं तिला वाटलं. तिने पर्समधून मास्क काढला आणि सरळ माझ्या कानांना अडकवला. माझे दोन्ही हात पोळीखाली होते. हलले असते तर पोळी फाटली असती, म्हणून मी हलले नाही. पिकात गुरं घालताना मुसकं बांधतात ना, तसं तिने बांधलं. चार पाहुणे हसले. चुलीचा धूर मास्कमध्ये भरत होता आणि मी मांडे टाकत राहिले.

रात्री कॅटरर म्हणाला, त्याला आम्ही शेठ म्हणायचो, "पुढच्या लग्नापासून तू मागे, भांड्यांवर. दात बसवून आण, मग खापरावर बस."

भांड्यांवर मजुरी निम्मी. पण खरं सांगते, मजुरीपेक्षा खापर सुटणार हे जास्त लागलं. ते माझ्या आईने शिकवलेलं. तेवढ्या एका जागी माझ्याकडे लोक थांबून बघायचे.

म्हणून जळगावला दातांच्या मोठ्या दवाखान्यात गेले. चपला बाहेर, आत एसी. डॉक्टर गोरागोमटा, गोड बोलणारा.

"कसे गेले हो मावशी?"

"पडले," मी म्हणाले. सगळ्यांना हेच सांगत आले होते.

त्याने तीन रस्ते सांगितले. एक, हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, म्हणजे इम्प्लांट. जन्मभराचं काम. दुसरा ब्रिज. त्यात आजूबाजूचे चांगले दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधाराने मधले बसवायचे. तिसरी काढ-घाल कवळी, सगळ्यात स्वस्त. मी स्क्रूच्या दाताचे पैसे विचारले. एकाचे पस्तीस हजार. हाडाचा फोटो वेगळा. माझा चेहरा बघून तो नर्सला इंग्रजीत काहीतरी बोलला. मला त्यातलं 'लो बजेट' तेवढं कळलं. दोघं हसले.

मग म्हणाला, "एक करता येईल. तुमच्या तोंडाचे फोटो जाहिरातीला वापरू द्या, मी निम्म्यात करून देतो. चेहरा येणार नाही. फक्त तोंड."

मी हो म्हणायच्या आतच नर्सने प्लास्टिकचे आकडे ओठात घातले आणि दोन्हीकडून ताणले. लाळ हनुवटीवरून ब्लाउजवर गळत होती. फोटो झाले. नर्सने आकडे पुसले. मला कोणी कापूस दिला नाही. मी म्हणाले, घरी विचारून सांगते. आणि निघून आले.

पंधरवड्याने आमच्या फाट्यावर बोर्ड लागला. जळगाव-धुळे रस्त्याला, एसटी थांबते तिथेच. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. नंतरमध्ये कोण्या मुलीचे पांढरेशुभ्र दात. आधीमध्ये मी. नाकापासून खाली कापलेली, ओठ ताणलेले, लाळ चमकतेय.

चेहरा कापला म्हणजे काम झालं, असं शहरातल्या शहाण्यांना वाटलं. माझ्या हनुवटीवरचं गोंदण त्यांना दिसलंच नाही. लहानपणी जत्रेत आईने हौसेने मांडीवर धरलं होतं, गोंदणारीण गोंदत होती, मी दुखलं म्हणून मान झटकली आणि पाच ठिपक्यांतला एक खाली घसरला. आमच्या चार गावांत तसं गोंदण दुसरं नाही. बाई डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालून चालली तरी हनुवटी दिसते. आमच्याकडे बायका एकमेकींना गोंदणावरून लांबून ओळखतात.

फाट्यावरचा चहावाला म्हणाला, "वहिनी, तुम्ही ते हिरोईन व्हई ग्यात!" बाकावरचे सगळे हसले. माझी मुलगी तिथूनच कॉलेजला जायची. दुसऱ्या दिवसापासून ती फाट्यावर न जाता शेतातून पुढच्या थांब्यावर चालत जायला लागली. ते कळलं तेव्हा मी चुलीपुढे बसून रडले. मग उठले आणि जळगावची गाडी धरली.

डॉक्टर आधी हसला. "अहो मावशी, चेहरा कुठे आहे? कोण ओळखणार तुम्हाला?"

मी हनुवटी वर केली. त्याने मोबाइलवर जाहिरात काढली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे.

"अरे हो. हे राहून गेलं." मग आवाज उतरवून म्हणाला, "असं करू, एक इम्प्लांट फुकट. बोर्ड महिनाभर राहू द्या. आणि पाहिजे तर हे गोंदण लेसरने काढून देतो, त्याचेही पैसे नको."

खोटं कशाला बोलू, मी क्षणभर डोळ्यांसमोर तो दात आणला. खापर आणलं. पण माझ्या तोंडाबरोबर माझ्या आईची खूणही पुसायला निघालेला तो माणूस, आणि वर उपकार केल्यासारखा बघतोय. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बोर्ड उतरवा. आज."

"ते जाहिरातवाल्यांकडे असतं. वेळ लागेल."

"मग मी बसते."

बाहेर पेशंट बसतात तिथे मधल्या खुर्चीत जाऊन बसले. तोंडावरचा पदर काढला. जो आत येईल त्याला तोंड उघडून दाखवलं. "बोर्डावरचं ते तोंड माझं. मी हो म्हटलं नव्हतं. आणि नंतरचे दात माझे नाहीत, ते कोणाचे, डॉक्टरला विचारा." नर्स दोनदा उठवायला आली. मी उठले नाही.

अमळनेरकडची एक म्हातारी शेजारी बसली होती. ती बोर्डाचं काही बोललीच नाही. माझ्या तोंडात निरखून बघत तिने विचारलं, "दात कसा गयात वं माय?"

तोंडात 'पडले' आलं होतं. पण त्या दिवशी ते बाहेर पडेना.

"शेठना टेंपोमा गयात," मी म्हणाले.

मागच्या लग्नसराईत आम्ही बायका टेम्पोत मागे, पातेल्यांच्या मध्ये बसून येत होतो. ड्रायव्हरने गचकन ब्रेक मारला आणि माझं तोंड लोखंडी चुलीच्या कडेवर आपटलं. शेठने गोळ्यांची एक पट्टी दिली आणि सांगितलं, कोणी विचारलं तर पडली म्हणून सांग. मी शहाण्यासारखं तेच सांगत राहिले. दाताला पैसे कुठून आणू, याने माझी झोप उडाली होती. दात घेतले कोणी, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी बोर्ड उतरला. डॉक्टरने माफी मागितली नाही.

पुढे धुळ्याला दातांच्या कॉलेजात जाऊन थोडक्या पैशात काढ-घाल कवळी करून घेतली. ती खाताना घालते. घरी मांडे टाकताना घाम आला की हलते.

लग्नसराई सुरू झाली त्या दिवशी मी शेठच्या गोदामावर गेले. कवळी पदराच्या गाठीत होती. ती रिकामी जागा त्याला दिसायला हवी होती.

"दोन्ही दात बसवून द्या. स्क्रूचे. तुमच्या टेम्पोत गेलेत."

"पुरावा काय? आणि मांडे करणाऱ्या बाया काय कमी आहेत का?" त्याने बाकीच्यांना टेम्पोत चढायला सांगितलं. त्या चढल्या. मी त्यांना दोष देत नाही. त्या दिवशी टेम्पोत माझ्या शेजारी बसलेली वैजंताबाई तेवढी खाली उभी राहिली.

"मी देखेल शे, शेठ," ती म्हणाली. "मी हिना जोडेच व्हतू."

शेठने दोघींचं काम बंद केलं. कामगार कार्यालयात आम्ही तक्रार दिली आहे. तिथला साहेब म्हणतो, वेळ लागेल, तोवर काहीतरी घेऊन मिटवा. मिटवणार नाही. दोन दात, स्क्रूचे, शेठच्या पैशाने. तोवर मी त्या जागेवर पदर धरणार नाही. फाट्यावर, एसटीत, कोणाच्याही लग्नात कोणी विचारलं की तोंड उघडून दाखवीन, आणि शेठचं नाव घेऊन सांगीन.