पासपोर्ट बाईसाहेबांच्या कपाटात होता

गोऱ्या पोलिसानं माझ्यापुढं खुर्ची सरकवली. बाईसाहेबांनी ती आपल्याकडं ओढली आणि तिच्यावर स्वतःची पर्स ठेवली. म्हणाल्या, "तिला उभं ऱ्हायची सवय हाय."

मराठीत म्हणाल्या. पोलीस नुसता बघत राहिला. जर्मनीतली पोलीस चौकी. माझा पासपोर्ट चोरीला गेलेला. आणि बाईसाहेबांच्या साताऱ्याच्या बंगल्यात उभी राहते तशीच मी पदर धरून उभी. त्यांची लेक, ताईसाहेब, पोलिसाला त्याच्या भाषेत काहीतरी सांगत होती. बोट माझ्याकडं. बाईसाहेब तिला म्हणाल्या, "ह्येबी सांग, इथंच ऱ्हायचं आसंल हिला. हिनंच गायब क्येला आसंल. ह्या लोकांचा काय भरवसा!"

'ह्या लोकांचा' हे लहानपणापासून ऐकत आलेय. विमानात बसून एवढ्या लांब गेले, तर तिथंही तेच.

मी वडूजची. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं काम करते. आईनं शिकवलं. बाळ पायांवर उपडं घ्यायचं, तेल चोळायचं, टाळू भरायची, बाळंतिणीला शेक द्यायचा. सव्वा महिना. बाईसाहेबांचं ऊसवाल्या बागायतदारांचं मोठं घर, त्या घरातली तीन बाळं माझ्याच पायांवर न्हाली. तिथं माझा कप खिडकीत, निराळा. बाळाच्या टाळूला माझा हात चालतो, त्यांच्या कपाला चालत नाही.

ताईसाहेबांचं बाळंतपण जर्मनीत व्हायचं होतं. तिकडं न्हाऊ घालणारी कुठली मिळायला? म्हणून मला न्यायचं ठरलं. व्हिसाच्या कागदावर त्यांनी मला मावशी केलं. बाईसाहेबांची बहीण! मला हसू आलं होतं. पण मान मीही डोलावली होती, ते लपवत नाही.

पासपोर्ट वडूजला माझ्या घरी आला. माझा फोटो, माझं नाव, माझी वेडीवाकडी सही. दुपारभर उघडून बघत बसले. दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांची गाडी दारात. "आण हिकडं. तुझ्याकडनं हरवंल." मी दिला. महत्त्वाचा कागद मोठ्या घरी ठेवलेला बरा, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. जर्मनीतही तो त्यांच्याच कपाटात राहिला, कुलूप लावून.

सव्वा महिना झाल्यावर बाळाला पहिल्यांदा बाहेर काढलं. तिकडं बाहेर पडताना पासपोर्ट जवळ ठेवायचा असतो म्हणे. बाईसाहेबांनी स्वतःचा पर्सच्या आतल्या कप्प्यात घातला. माझा बाळाच्या पिशवीत, लंगोटांवर टाकला. मला सांगितलंही नाही. स्टेशनवर एक गोरी म्हातारी बाळाजवळ वाकून किती वेळ लाडं लाडं बोलली. ती गेली आणि बाईसाहेब घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "दिष्ट लागली बाळाला. काढ, आत्ताच्या आत्ता काढ." मीठ-मोहरीची पुडी पिशवीत असायचीच. मी पुडी काढली, पिशवी खाली ठेवली, दोन्ही मुठी भरल्या. आल्यागेल्याची, भुताखेताची, सगळ्यांची दृष्ट उतरवली. येणारेजाणारे थांबून बघत होते. बाईसाहेब बाळाकडं बघत होत्या, ताईसाहेब बाळाकडं बघत होती. मुठी टाकायला वळले तर पिशवी नाही.

"आगं बया, हिचा पासपोर्ट त्यात हाय!" बाईसाहेब ओरडल्या. तेव्हा मला कळलं तो कुठं होता ते.

चौकीतून घरी आल्यावर जावईसाहेबांनी समजावलं. शिकलेला माणूस, आवाज कधी चढत नाही. "मावशी, आपल्या वकिलातीत विचारतील. पासपोर्ट माझ्याकडेच असायचा, माझ्या हातून गेला, एवढंच सांगा."

त्यांची अडचण मला कळत होती. तो बाईसाहेबांच्या कपाटात होता म्हटलं की पुढचे प्रश्न येणार. मी मावशी नाही, कामवाली आहे, हे उघडं पडणार. पण चौकीत बाईसाहेब नि ताईसाहेब माझ्याबद्दल काय सांगून आल्या होत्या, तेही मला माहीत होतं. त्यावर मीच 'माझ्याकडं होता' म्हटलं की मी कायमची चोर.

बाईसाहेब ठरल्या दिवशी विमानात बसल्या. जाताना बाळाचे मुके घेतले. माझ्याकडं बघितलं नाही.

मी मागं राहिले. कपडे धुवायच्या मशीनशेजारी माझी गादी. सकाळी बाळाला न्हाऊ घालायचं, मग खिडकी. खालून माणसं जायची, एकाचंही बोलणं कळायचं नाही. बाळाशी चार शब्द बोलायला लागले की ताईसाहेब येऊन त्याला उचलून न्यायची. सहा दिवस. सहा दिवसांत कुणी माझं नाव घेतलं नाही. इथं मेले तर माझ्या नावावर काय लिहितील, कोण सांगेल, असं मनात यायचं. लय एकटं वाटायचं. रडायचे, ते मशीन चालू असताना.

एकदा जावईसाहेबांनी माझ्या पोराला फोन लावून दिला. पोरगा माधवनगरला यंत्रमागावर आहे. बाईसाहेबांच्या मालकांनी त्याला साताऱ्यात कारखान्यात चिकटवायचं कबूल केलं होतं. तो म्हणाला, "आये, त्ये म्हणत्यात तसं म्हण आन् घरी यी. कशाला वाकड्यात शिरतीस?" माझ्या पोटचा पोरगा.

वकिलातीत काचेपलीकडं एक तरुण बाई होती. विचारलं, "पासपोर्ट किसके पास रहता था?"

"इन्हीं के पास," जावईसाहेब म्हणाले.

तिनं लिहायला घेतलं. मी बघत होते. माझ्याबद्दलचं खोटं, माझ्यासमोर, माझ्या नावाखाली उतरत होतं. जन्मभर माझ्याबद्दल दुसऱ्यांनीच सांगितलं. ही किती खाते. हिला किती कळतं. हिला कशाची सवय आहे. मी काचेजवळ सरकले.

"मेरे पास कब्बी नहीं था," मी म्हणाले. "बाईसाहेब के कपाट में था. कुलूप में. मैं मावशी नहीं. मैं काम को आई."

"मावशी, विचार करून बोला," जावईसाहेब दबक्या आवाजात.

"क्येला," मी म्हणाले. "सा दिस त्योच करत व्हते."

तिनं लिहिलेलं खोडलं, पुन्हा लिहिलं. मी ते तिच्याकडून हिंदीत वाचून घेतलं. मग सही केली.

परतीच्या गाडीत जावईसाहेब चार बाकं लांब बसले. पुढं घरी यायचा, एकदाच चालणारा कागद मिळाला. मुंबईला उतरले तर घ्यायला कुणी नव्हतं. विचारत विचारत साताऱ्याची एसटी धरली, तिथून वडूजची.

पोराचं काम झालं नाही. तो बोलत नाही. साताऱ्याची बोलावणी बंद झाली. गल्लीतल्या बायका म्हणतात, एवढं नडायची काय गरज होती? घरात दिवसदिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

परवा बाईसाहेबांचा फोन आला. धाकटी लेक अमेरिकेत, तिला दिवस गेलेत. "झालं गेलं इसर. नवा पासपोर्ट आमी काढून देतो."

"अर्ज म्या केलाय," मी म्हणाले. "पयला कसा ग्येला त्ये हाय तसं लिवून दिलंय, तुमच्या नावासकट. न्हाऊ घालाय यीन. कामवाली म्हणूनच यीन. पासपोर्ट माझ्याजवळ ऱ्हाईल."

त्यांनी फोन ठेवला. पुन्हा येणार नाही, ठाऊक आहे. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस दारात येईल, त्याला हेच सांगेन. साताऱ्याच्या कचेरीत बोलावलं तर एकटी जाईन आणि तिथंही हेच सांगेन. माझ्याबद्दल आता दुसरं कुणी बोलायचं नाही. माझं मी सांगणार.