शिक्का नंबर सतरा

बुश गरम असताना मोजायचा नसतो. ही अक्कल मला माझ्याच एका गाढवपणाने दिली, आणि पुढे त्याच गाढवपणाने नोकरीही दिली.

तळेगावच्या एका कंपनीत मी नऊ वर्षं इन्स्पेक्टर होतो. आम्ही बुश बनवायचो, म्हणजे गाडीतला दांडा ज्यात फिरतो त्या छोट्या पोलादी नळ्या. त्यांची भोकं बरोबर मापाची आहेत का, हे बघणं माझं काम. आम्हा प्रत्येकाला एक रबरी शिक्का मिळायचा. त्यावर नाव नसायचं, फक्त नंबर. माझा सतरा. तपासलेल्या खोक्याच्या कार्डावर तो मारायचा, म्हणजे पुढे माल खराब निघाला तर कोणाला धरायचं हे शोधावं लागत नसे.

त्या काळात सगळे मला मुलगी समजत. कागदांवर नावही मुलीचंच होतं. मी मुलगा आहे हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं, पण तसं जगायचं धाडस जमवायला तिशी उलटली. उपचार सुरू झाले, आवाज बदलला, दाढीचे चार केस दिसायला लागले, आणि कँटीनमध्ये मी बसलो की टेबलावरच्या गप्पा एकदम थांबायला लागल्या. कोणी काही वाईट बोललं नाही, पण त्या गप्प बसण्याचाच मला जास्त राग यायचा. शेवटी राजीनामा दिला आणि शिक्का स्टोअरमध्ये जमा केला. हातात काम आहे, आठ दिवसांत कुठेही चिकटू, असं वाटलं होतं.

कसले आठ दिवस! कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून मी आधार आणि डिप्लोमावर नवं नाव चढवून घेतलं. अनुभवाचं पत्र मात्र जुन्याच नावाचं राहिलं. रेकॉर्डला जे नाव होतं तेच मिळेल, असं तळेगावच्या ऑफिसने सांगितलं. मग जिथे जाईन तिथे तेच. पत्र दाखवलं की समोरचा माणूस एकदा पत्राकडे, एकदा माझ्या दाढीकडे बघायचा आणि "कळवतो" म्हणायचा. भोसरीत तर एका साहेबांनी हसून विचारलं, "राव, चुकून बहिणीचं सर्टिफिकेट आणलंत का?"

मी म्हणालो, "हो, चुकून."

त्यांनी चहा मागवला. तो मी पिऊन आलो. मला बहीण नाही. चिंचवडला घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत होतो. नऊ वर्षांचं काम मी माझ्या तोंडाने नसलेल्या बहिणीच्या नावावर करून आलो होतो. आईने विचारलं, काय झालं, तर तिच्यावरच खेकसलो. त्या गरीब बाईचा काय दोष होता?

त्यानंतर मी पत्र दाखवणंच बंद केलं. एका गोदामात पॅकिंगला लागलो आणि वर्षभर खोक्यांना चिकटपट्टी लावत राहिलो. चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला नवखी माणसं घेताहेत असं कळलं, तेव्हा अर्जात अनुभवाच्या रकान्यात शून्य लिहिलं. ही तीच कंपनी होती जिला तळेगावचा आमचा माल जायचा. पत्र फाइलच्या अगदी तळाशी ठेवलं, का ठेवलं ते मलाही सांगता आलं नसतं.

मुलाखतीला दोघं होते. एक एचआरचे साहेब, नीट इस्त्रीचे. दुसऱ्या, बाहेरून येणारा माल तपासणाऱ्या विभागाच्या प्रमुख बाई. पन्नाशीच्या पुढच्या, पायात सेफ्टी शूज, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्या बोलल्या आणि मी चमकून वर पाहिलं. हा आवाज मी वर्षानुवर्षं फोनवर ऐकला होता. राजगुरुनगरकडचा खणखणीत आवाज. "सतरा नंबर का? तुमच्या खोक्यात दोन बुश कमी हायेत." "सतरा नंबर, कार्डावरची शाई पुसलीय, काय वाचू मी?" आम्ही दोघं जाम भांडायचो. भेटलो मात्र कधीच नव्हतो. माझा आवाज आता वेगळा होता, चेहरा तर त्यांनी पाहिलाच नव्हता. ओळखण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यांनी माझ्यासमोर बुशचा एक ट्रे सरकवला आणि गेज दिलं, म्हणजे भोकात घालून माप बघायची पोलादी दांडी. "बघा बरं, ह्यातले किती पास?"

मी एक बुश उचलला. बोटांना सवय असते. गेज न लावता मी तो हाताच्या मागच्या बाजूला टेकवला, आणि ट्रेमध्ये परत ठेवला.

"हे आत्ता मोजणार नाही."

एचआरच्या साहेबांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे?"

"गरम आहेत. धुण्याच्या मशीनमधून नुकतेच आलेत. आत्ता गेज जाईल, पण गार झाल्यावर भोक आवळेल आणि जाणार नाही."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अर्जात अनुभव शून्य लिवलाय. मंग ह्ये कुठं शिकलात?"

यूट्यूबवर पाहिलं, असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण त्या ट्रेमधले बुश बघून मला भोसरीचा चहा आठवला आणि अंगाचा तिळपापड झाला. किती वेळा स्वतःला खोडायचं माणसाने?

"तळेगावला," मी म्हणालो. "नऊ वर्षं. शिक्का नंबर सतरा."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "सतरा? सतरा नंबरला तर पोरगी व्हती."

"तो मीच."

फाइलच्या तळातून पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. आता "कळवतो" येणार, याची खात्री होती. साहेबांनी पत्र उचललं, वाचलं, माझं आधार कार्ड शेजारी धरलं. बाईंनी पत्राला हातही लावला नाही. त्या उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, संपलं. पाचेक मिनिटांनी परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक बुश होता. जुना, तेल लावून जपलेला, आणि त्याला दोऱ्याने बांधलेलं एक पिवळं पडलेलं कार्ड. कार्डावर सतरा.

मी तो लगेच ओळखला. तळेगावच्या थंडीतली गोष्ट. गाडी सुटायची घाई होती, म्हणून मशीनमधून निघालेले गरम बुशच मी मोजले, सगळे पास केले आणि शिक्का मारला. सकाळी टेबलावर ठेवलेल्या नमुन्यात सहज गेज घातलं, तर जाईना. गाडी चाकणला पोचली होती. मी कोणाला न विचारता इथे फोन केला आणि सांगितलं, माल वापरू नका, चूक माझी आहे. तळेगावच्या साहेबांनी नंतर मला सगळ्यांसमोर झापलं होतं.

"भरलेली गाडी परत धाडाया लागली व्हती मला त्या दिवशी," बाई म्हणाल्या. राग अजून ताजा होता. "जेवान न्हाई का काय न्हाई." मग साहेबांकडे वळल्या. "पण नवं माणूस आलं की मी ह्यो बुश दाखवून सांगते, तळेगावच्या एका पोरीनं सोताची चूक सोताच फोन करून सांगितली. तसं काम करा म्हणून."

"मॅडम, ते ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण पत्रावर नाव वेगळं आहे. अनुभव कसा धरायचा?"

"नाव बदलल्याचं सरकारी पत्र हाय ना त्यांच्याजवळ?"

"आहे," मी म्हणालो.

"मंग झालं की. ह्या शिक्क्याचा माल मी इतकी वर्षं घेतलाय. काम कुणी केलं ते मला ठावं हाय. शून्य खोडा, नऊ लिवा. आणि ही कागदं तुमच्या कपाटाच्या भाईर जायची न्हाईत."

साहेबांनी मान खाली घालून शून्य खोडलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, "आता गार झालं असतील, मोजा." पंचवीसपैकी दोन नापास निघाले. मी खूप माणसं पाहिली, सहानुभूतीचे दोन शब्द बोलणारी तर ढिगाने. पण माझ्या कामावर एवढा विश्वास ठेवणारी ही एकच. मला ती फार मोठी बाई वाटते.

रुजू झालो त्या सोमवारी माझ्याबरोबर सहा नवी मुलंमुली होती. बाईंनी सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं आणि खिशातून तो बुश काढला. मी मागे उभा होतो. त्यांची गोष्ट इतक्या वर्षांची, तोंडात बसलेली. तोंडात बसलेलं सहज बदलत नाही हे मला घरीच कळलं होतं, 'आली'ऐवजी 'आला' म्हणताना आईची जीभ अजून अडखळते. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"तळेगावला एक इन्स्पेक्टर व्हता," बाई म्हणाल्या. कुठे थांबल्या नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. "गाडी सुटायची घाई, म्हणून त्यानं गरम माल मोजला. सकाळी त्याला चूक कळली, तर त्यानं सोता फोन केला मला."

पुढच्या मुलीने विचारलं, "मग त्याची नोकरी गेली?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "हाय की नोकरीला. चला, गेज उचला."