लाल चिंधीचं भेदरं

आमच्या गल्लीतल्या गच्चीबागवाल्यांचे किस्से सांगायला बसलो की बायको आधी बीपीची गोळी हातात देते. "हे घ्या, मंग बोला." तिचं बरोबरच आहे. एक किस्सा खुडावा तर बुडाशी दोन नवे फुटलेले असतात. जुने संपवू म्हणावं, तर हे शहाणे रोज सकाळी गच्चीवर चढून ताजं काहीतरी करून ठेवतात. माणसानं चिडावं तरी किती!

मी बाबाराव. दर्यापूर-अकोला काळीपिवळी चालवण्यात जन्म गेला. शाळेनं मला सातवीत सोडलं. आता अकोल्यात पोराच्या घरी गच्चीवर कुंड्या आहेत आणि त्यात मी लावतो भेदरं. म्हणजे गावरान टमाटर. चपटं, घड्या पडलेलं, पातळ सालीचं, आणि असं आंबट की डोळा आपोआप मिटते. बी माझ्या पातूरच्या बहिणीच्या परसातलं. बहीण गेली, भाच्यांनी परसात फरशी टाकली. ते बी मग उरलं फक्त माझ्या गच्चीवर.

हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं. घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं!

* * *

पहिले वानखडे साहेब. सरकारी हापिसातून रिटायर. हे टमाट्याची जात फोटो पाहून ठरवतात, जशी पोरासाठी मुलगी. एकदा मोबाईलवर काळ्या टमाट्याचा फोटो दिसला, लगेच बी मागवलं. झाडं आली, फळं धरली. एक दिवस फोन. "बाबाराव, लवकर या! काळं होऊन राह्यलं!"

गेलो. टमाटर खालून काळं. मी बोट लावलं, तर बोट सरळ आत.

"साहेब, हे सडलं. पाणी कमीजास्त झालं की बूड सडते."

"तुमाले त्यातलं समजत नाई. आधी खालून काळं होते, मंग वर चढते. ही जातच तशी आहे."

"जात नाई साहेब, रोग आहे!"

ऐकतील तर साहेब कसले! फळ कापून, प्लेटीत मांडून, वर चाट मसाला टाकून सगळ्यांपुढे ठेवलं. कोणी हात लावेना. मग साहेबांनी एकट्यानं अख्खं खाल्लं. पुढं पोटानं जे धरलं ते गल्लीनं भिंतीपलीकडून ऐकलं. भेटायला गेलो तर पडल्या पडल्या म्हणतात, "विदेशी माल आहे. सवय लागाले वेळ लागते!"

* * *

दुसरा ढोकणे. हार्डवेअरचं दुकान. वयानं लहान, पण अक्कल त्याहून लहान. त्याला पाहिजे हायब्रीड, जाड सालीचं, टिकाऊ. एकदा रडत आला, "भाऊ, फुलं येऊन राह्यली, गळून राह्यली. काय करू?"

मी म्हटलं, याची आज फिरकीच घेतो. "अबे, टमाट्याचं फूल झटका मागते. तुह्या दुकानात ड्रिल मशीन आहे ना? रोज सकाळी झाडाच्या काठीले लावून चालवत जाय."

दुसऱ्या दिवशी हा गच्चीवर बनियनवर उभा, काठीला ड्रिल टेकवलेलं, वर्रर्र... वर्रर्र... झाड थरथरते, हा थरथरते, खाली त्याची बायको कपाळाला हात लावून उभी. मी कठड्याआड बसून पोट धरून हसलो.

आणि मग काय व्हावं? झाड फळांनी असं लगडलं की काठी मोडली! फुलं झटकली की फळ खरंच धरते म्हणे. मला काय माहीत! आता तो गल्लीभर सांगत फिरते, "आयडिया भाऊची आहे." असा संताप आला मला, विचारू नका.

* * *

त्याच पिकातलं एक टमाटर ढोकण्यानं फ्रीजवर ठेवलं. जो येईल त्याला दाखवायचं, "पाहा, कधीचं तोडलं आहे, अजून कडक!" मी दाबून पाहिलं. क्रिकेटचा बॉल बरा!

मी चिडून विचारलं, "अबे, मंग खात काहून नाई?"

"खाल्लं तर दाखवू काय, भाऊ?"

* * *

तिसऱ्या गवई मॅडम. सरकारी दवाखान्यात हेडनर्स होत्या. गल्लीत मी एवढ्या एकाच बाईला घाबरतो. त्यांनी बारकं बारकं चेरी टमाटर लावलं. मी म्हटलं, "मॅडम, हे भाजीत टाकता का गळ्यात घालता?"

त्यांनी माझ्या भेदऱ्याकडे पाहिलं. पाणी जरा जास्त झालं की भेदरं चिरते, त्याचा तो स्वभावच आहे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बाबारावजी, तुमचं पेशंट घेऊन या. टाके घालून देते."

आठवडाभर गल्लीत मला सगळे विचारत होते, "टाके सुकले का?"

* * *

इथपर्यंत हसलात ना? आता ऐका.

आमच्याकडे बी एका घरात ठेवत नसत. चार घरी रोप द्यायचं. आपलं गेलं तर त्यांच्याकडून मागून आणायचं. बहिणीनं जन्मभर तेच केलं. मीही गेल्या वर्षी तिघांना रोपं दिली, हातानं लावून दिली. आणि त्याच वर्षी वानरं आली. माझ्या गच्चीवर देठसुद्धा ठेवला नाही.

गेलो साहेबांकडे. "साहेब, माझ्या भेदऱ्याचं एक फळ द्या बियाले."

"कोणतं? थे वाकडंतिकडं? उपटलं मी. त्याची पाटीच नव्हती कुंडीत!" साहेबांच्या बागेत पाटी नसलेलं झाड म्हणजे अतिक्रमण.

ढोकण्याकडे गेलो. त्यानं माझ्या रोपाला मूठभर युरिया घातला होता. "म्हटलं भाऊचं झाड आहे, कमी काहून द्यायचं?" झाड जळून काडी झालेलं!

मॅडमच्या घरी झाड होतं. फळ नव्हतं. सूनबाईनं सकाळीच चटणी केली होती. "तुमी काल आले असते तर," मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर टोमणा नव्हता.

मी रस्त्यावर उभा राहून तिघांनाही नाही नाही ते बोललो. अंगणात माणसं आली. "तुमाले फोटो पाह्यजे, बॉल पाह्यजे, मणी पाह्यजे! खायाचं टमाटर पाह्यजे कोणाले? एका बाईनं जन्मभर सांभाळलं, तुमाले एक हंगाम नाई सांभाळता आलं?" ढोकणे खाली पाहत होता. साहेब आत निघून गेले. घरी आल्यावर बायकोनं गोळी दिली. मग लुगड्याची पुरचुंडी आणून पुढं ठेवली. नणंदेनं कधीतरी दिलेलं बी. जुनं, राखेत घोळलेलं. सगळं पेरलं. एकच रोप उगवलं.

* * *

एक रोप! त्याला मी नातवाला जपलं नाही तेवढं जपलं. वानरांसाठी जाळी, उन्हासाठी हिरवं कापड. पहिलं मोठं फळ धरलं, त्याच्या देठाला लाल चिंधी बांधली. आमच्याकडे चिंधी बांधलेलं फळ बियाचं. त्याला पोरंही हात लावत नाहीत.

मार्चमध्ये पोरानं गच्चीवर गोवऱ्यांत भाजायच्या रोडग्यांचा बेत केला. झालं गेलं विसरा म्हणून बायकोनं तिघांनाही बोलावलं. मी गोवऱ्या फुलवत होतो, मॅडम वांग्याच्या भाजीशी, ढोकणे रोडग्यांवरची राख झटकत होता. कोशिंबिरीचं काम दिलं साहेबांना, म्हटलं एवढं तरी जमंल.

पंगत बसली. कोशिंबीर अशी झाली होती की साहेबसुद्धा बोटं चाटत होते. "वा बाबाराव! आंबटपणा काय आहे!" मीही एक घास घेतला. घेतला आणि डोळा आपोआप मिटला.

उघडला तेव्हा चिंधी साहेबांच्या ताटाशेजारी पडलेली.

"साहेब! चिंधीवालं तोडलं?"

"हो. लाल लावलेलं होतं ना. आमच्या हापिसात लाल लावलं की अर्जंट. म्हटलं, हेच आधी निकाली काढा लागते!"

"गिळू नका!" मी असा ओरडलो की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "कोणी गिळू नका! थुका! सगळे थुका!"

आणि थुकले हो! हेडनर्स, सरकारी साहेब, माझा पोरगा, माझी बायको, पानापानावर वाकून थुकले. मॅडमनी तर जीभ पुसून दोन बिया काढून दिल्या. नुसता ढोकणे ताठ बसलेला.

"अबे थुक ना!"

"मी गिळलं, भाऊ," ढोकणे म्हणाला. "वाडगंभर."

थुकलेलं बी धुतलं, राखेत घोळलं, वाळवलं, पेरलं. मीठ लागलेलं, दातांनी दळलेलं. एक कोंब आला नाही. झाडालाही पुढं उन्हानं धरलं, दुसरं फळ पिकलंच नाही. संपलं म्हणून मी कुंड्या पालथ्या घातल्या. त्या पावसाळ्यात मी गच्चीवर चढलोच नाही.

दिवाळीत मॅडम आणि साहेब गच्चीवर फराळाला आलेले, तेवढ्यात ढोकणे धावत आला. ओंजळीत चपटी, घड्या पडलेली, चिरलेली भेदरी! "भाऊ, देवाची करणी! कोणी लावलं नाई, पेरलं नाई! घरामागं, संडासच्या टाकीचं झाकण फुटलं ना, तिथं जंगल माजलं आहे जंगल!"

गवई मॅडम कठड्याला धरून खाली बसल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी. साहेब गंभीरपणे म्हणाले, "जात कोणती असंल?"

मी पहिलं फळ उचललं, वास घेतला, सरळ चावलं. डोळा मिटला.

बायको हळूच म्हणाली, "अहो, धुवून तरी खायाचं!"