दोन कोरे दिवस

"आधी शेवटचा दिवस सांगा."

आमच्या ग्रंथपाल सरांकडे कोणतंही काम घेऊन गेलं की पहिलं वाक्य हेच. मग ते ड्रॉवरमधून एक जुनं कॅटलॉग कार्ड काढायचे, कोरी बाजू वर करायचे, पट्टी न घेता एक आडवी रेघ मारायचे आणि तिच्या उजव्या टोकाला पेन्सिल टेकवून थांबायचे. तुम्ही तारीख सांगेपर्यंत पेन्सिल हलायची नाही. तारीख मिळाली की उजवीकडून डावीकडे एकेक चौकोन पाडत यायचे. एवढं काम, त्याला एवढे दिवस, म्हणजे सुरुवात इथे. कित्येकदा सुरुवातीचा चौकोन गेल्या आठवड्यातच होऊन गेलेला असायचा. "बघा, आपल्याला उशीर झालाय," असं ते इतक्या शांतपणे म्हणायचे की समोरचा तिथूनच कामाला पळायचा.

तुम्ही कुठल्याही कचेरीत चार वर्षं काढली असतील तर दोन प्रकारचे साहेब तुम्हाला ठाऊक असतील. एक ओरडणारे, दुसरे न वाचता सही करणारे. आमचे सर दोन्हींत बसत नव्हते, त्यामुळे त्यांचं नक्की काय करावं हे आमच्या संस्थेला कधी कळलं नाही. नाशिकला विज्ञान आणि अभियांत्रिकी अशा दोन्ही महाविद्यालयांचं मिळून आमचं एक ग्रंथालय होतं. सर त्याचे प्रमुख. मी सहायक ग्रंथपाल, तीही हंगामी. दर जूनला नवं नेमणूकपत्र घ्यायचं आणि एप्रिलमध्ये ते संपायचं, असं सहा वर्षं चाललं होतं. वणीहून रोज एसटीने येताना मी कितीतरी वेळा ठरवलं असेल की पुढच्या वर्षी हे बास.

हे उलटं मोजणं सर नामपूरला शिकले होते. घरचा कांदा. "बाजाराचा दिवस आपण ठरवत नाही, ताई. तो ठरलेला असतो. मग गाडी कधी भरायची, कांद्याची चाळ कधी उघडायची, हे शेवटून बघत यायचं." आणि शेवटच्या खुणेच्या अलीकडे ते दोन चौकोन नेहमी कोरे सोडायचे. त्यात काम लिहायचं नाही, कुणाला लिहू द्यायचं नाही. कशाला, म्हणून मी एकदा विचारलं. "बैल लंगडतो, पोतं फाटतं," ते म्हणाले. "माणसाचं तर विचारूच नका."

त्यांची दुसरी सवय संध्याकाळची. सहा वाजता हातात किल्ल्या घेऊन ते दारात उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "काही राहिलंय का?" शिपाई गायकवाड मामांचा चष्मा रोज राहिलेला असायचा. वैशालीचा, म्हणजे माझ्या जोडीदारणीचा, डबा राहायचा. माझं काही राहायचं नाही. मला त्याचा गर्व होता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या सचिवसाहेबांना 'स्ट्रॅटेजिक प्लॅन' हा शब्द कुठूनतरी सापडला होता आणि मिळालेल्या नव्या घड्याळासारखा ते तो सगळ्यांना दाखवत होते. पुण्याहून एक प्रशिक्षक बोलावला. त्याने आम्हाला चार्टपेपर आणि रंगीत पेनं वाटली आणि ग्रंथालयाची 'व्हिजन' लिहायला सांगितली. मी अर्धं पान भरलं. सरांनी एकच ओळ लिहिली : 'मागितलेलं पुस्तक मिळावं.' प्रशिक्षक म्हणाला, "सर, थोडं मोठं स्वप्न बघा." सर म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे पुस्तक मागून बघा, मग कळेल केवढं मोठं आहे ते."

थट्टा तिथे संपली. मान्यतेची समिती येणार होती आणि सचिवांनी बैठकीत स्पष्ट सांगितलं की त्याआधी सगळं ग्रंथालय संगणकावर यायला हवं, प्रत्येक पुस्तकावर बारकोड हवा. जमलं तर हंगामी लोक कायम होतील. नाही जमलं तर ग्रंथालय बाहेरच्या एजन्सीला द्यायचं, मग आम्हाला निरोप. सरांचंही त्यात अडकलेलं होतं. ते मे महिन्यात निवृत्त होत होते आणि त्यांनी आखलेली योजना तीन वर्षांची होती. ती पुरी करायला दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी, एवढीच त्यांची इच्छा. आयुष्यात त्यांनी संस्थेकडे मागितलेली ती बहुधा एकमेव गोष्ट असावी.

सर बैठकीत कार्ड घेऊनच बसले होते. शेवटचा दिवस सोमवार, समितीचा. शनिवारी आवराआवर. गुरुवार, शुक्रवार कोरे. सचिवांनी कार्ड हातात घेतलं. "हे दोन दिवस रिकामे कसे? इथे रंगीत तालीम घ्या."

"ते देता येणार नाहीत, साहेब."

"सर, प्रोजेक्ट तुमचा असेल, पण कॉलेज माझं आहे."

"म्हणूनच ठेवलेत," सर म्हणाले. आवाज चढला नाही, पण कार्डासाठी पुढे केलेला हात त्यांनी मागेही घेतला नाही. मी खाली बघत होते. शेवटी कार्ड त्यांच्या हातात परत आलं.

कामाची रीत सरांनी घालून दिली होती. पुस्तकं रॅकवर ज्या क्रमाने उभी होती त्याच क्रमाने स्टिकर छापून आणली होती. तरी प्रत्येक पुस्तक उघडायचं, आतला दाखल नंबर एकीने मोठ्याने वाचायचा, दुसरीने तोच नंबर स्टिकरवर बघायचा आणि मगच स्टिकर चिकटवायचं. वर पारदर्शक टेप. एकटीने करायचं नाही. हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं की वैशाली झोपेतही नंबर वाचत असेल.

एका दुपारी वैशाली आली नाही. तिच्या मुलाला ताप होता. माझा यंत्र अभियांत्रिकीचा रॅक मागे पडला होता आणि दुसऱ्या टोळीने तर त्यांचे तीन संपवले होते. मला कुणी मागे टाकलेलं खपत नाही, तेव्हाही खपत नव्हतं. मी एकटीच बसले. पहिली वीस पुस्तकं उघडून पाहिली, सगळे नंबर जुळले. मग म्हटलं, क्रम तर बरोबर आहे, उघडायचं कशाला? भराभर चिकटवत गेले. साडेपाचला रॅक संपला आणि माझ्या हातात एक स्टिकर उरलं.

एक उरलं म्हणजे मध्ये कुठेतरी एक पुस्तक जागेवर नव्हतं. म्हणजे तिथून पुढच्या प्रत्येक पुस्तकावर त्याच्या आधीच्या पुस्तकाचा नंबर बसला होता. हे मला तेव्हा कळलं नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. कळलं होतं. अगदी स्पष्ट नसेल, पण पोटात कळलं होतं. मी ते स्टिकर एसटीच्या पासाच्या कव्हरात सरकवलं. बहुतेक एक जास्त छापलं गेलं असेल, असं मनाशी म्हटलं. दारात सरांनी विचारलं, "ताई, काही राहिलंय का?"

"नाही, सर."

समितीच्या आदल्या बुधवारी चाचणी झाली. सचिव स्वतः आले. त्यांनी माझ्या रॅकवरूनच पुस्तक उचललं. हातात द्रवयांत्रिकी, पडद्यावर उष्मागतिकी. दुसरं उचललं. तेही तसंच. तिसऱ्याला त्यांचा चेहरा लाल झाला. मामा भिंतीला टेकून उभे राहिले.

"हे कुणी केलंय?" सचिव म्हणाले. "मला नाव हवंय. लेखी. ज्याने केलं तो पुढच्या वर्षी इथे दिसणार नाही."

रजिस्टरात रॅकसमोर वैशालीचं आणि माझं अशी दोन्ही नावं होती. सरांनी रॅककडे पाहिलं, मग पडद्याकडे. "शनिवारी सकाळी देतो," ते म्हणाले. "तोवर काम करू द्या."

सचिव निघून गेले. सर अडचणीत आले की नामपूरकडचं बोलायचे. "व्हई जाई," ते मामांना म्हणाले. होऊन जाईल. मग त्यांनी कार्ड काढलं आणि गुरुवार, शुक्रवारच्या कोऱ्या चौकोनांत आयुष्यात पहिल्यांदा काम लिहिलं.

गुरुवारी सगळे जण त्या एका रॅकवर होते. टेप निघेना, निघाली तर पुठ्ठा सोलून निघे. वैशालीने घरून केस वाळवायचं यंत्र आणलं. गरम हवेने डिंक सुटायला लागला. सरांनी ते यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "हे डोक्याला लावतात?" त्यांना डोक्यावर केस असे नव्हतेच. त्या दोन दिवसांत आम्ही हसलो ते तेवढंच. मामा गावातल्या दुकानातून नवी स्टिकर छापून आणायला गेले. मी नंबर वाचत होते आणि वैशाली लिहीत होती. माझ्याबरोबर तिचंही नाव जाईल हे तिला दिसत होतं, पण तिने मला एका शब्दानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते.

संध्याकाळी सर दारात. "ताई, काही राहिलंय का?"

पासाचं कव्हर माझ्या पर्समध्ये होतं. वणीला घरी असलेल्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, जूनचं नेमणूकपत्र आलं. "नाही, सर."

शुक्रवारी चारला शेवटचं स्टिकर लागलं. या वेळी एकही उरलं नाही. जागेवर नव्हतं ते पुस्तकही सापडलं. ते बाइंडिंगला गेलेलं होतं, लाल रेक्झिनची नवी पाठ घेऊन गठ्ठ्यात बसलं होतं. सरांनी पाठीवरून हात फिरवून ते जागेवर ठेवलं. सहाला पुन्हा दारात तेच. या वेळी ते नेहमीपेक्षा जरा जास्त थांबले, किल्ल्यांचा आवाजही केला नाही. "ताई, काही राहिलंय का?"

"नाही."

शनिवारी त्यांनी सचिवांना पत्र दिलं. 'कामाची आखणी आणि देखरेख माझी होती, चूक माझी आहे,' आणि खाली सही. मामांनी ते पोचवलं, वाटेत वाचलं आणि परत येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसले. "सरांनी सोताचंच नाव दिलं, ताई," एवढंच म्हणाले.

सोमवारी समितीतल्या एका बाईंनी नेमकं त्याच रॅकवरचं पुस्तक उचललं. पडद्यावर बरोबर नाव आलं. मान्यता मिळाली. जूनमध्ये आम्ही कायम झालो. सरांची मुदतवाढ नाकारली गेली आणि कारण म्हणून त्याच पत्राचा हवाला दिला होता. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला तीन वर्षांच्या योजनेची कार्डं दिली, रबरबँड लावून. "शेवटून या," ते म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले आणि तरीही बोलले नाही.

तीनेक वर्षांनी मी नाशिक रोडला त्यांच्या घरी गेले, सांगायचंच असं ठरवून. सरांच्या पत्नीने, काकूंनी, चहा दिला. सर खुशीत होते, कॉलनीच्या वाचनालयाचं काहीतरी आखत होते. बोलता बोलता म्हणाले, "त्या वेळी गंमत बघा. एक पुस्तक बाइंडिंगला, म्हणजे एक स्टिकर उरायलाच हवं. ते काही मला केरात सापडलं नाही." आणि माझ्याकडे बघून हसले. रागाने नाही. माझा चहा तसाच राहिला. मला कळलं की बुधवारी रॅकसमोर उभे असतानाच त्यांनी हे मोजलं होतं. दोन संध्याकाळी ते मी बोलायची वाट बघत होते. फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा हातात किल्ल्या नव्हत्या, पण सवय होती. "ताई, काही राहिलंय का?"

"नाही, सर," मी म्हटलं आणि रिक्षात बसले. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

पुढच्या वर्षी ते गेले. शोकसभा ग्रंथालयाच्या वाचनकक्षातच झाली. सचिव बोलायला उभे राहिले. प्रामाणिक होते, कष्टाळू होते, असं म्हणून पुढे म्हणाले, "बारकोडच्या वेळी त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. पण संस्थेने ती कधी मनात ठेवली नाही."

पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

मी उठले. "ती चूक त्यांची नव्हती," मी म्हणाले. "माझी होती. मी एकटीने स्टिकर चिकटवली, पुस्तकं न उघडता. शेवटी एक उरलं, ते मी लपवलं. सरांना माहीत होतं. त्यांनी माझ्यासाठी स्वतःचं नाव दिलं." कव्हर बदलत बदलत चौथ्या पासात आलेलं ते पिवळं पडलेलं स्टिकर मी काढलं आणि काकूंच्या हातात दिलं. दुसरं कुणाला द्यायचं ते मला सुचलं नाही. सचिव चष्मा पुसत राहिले. काकूंनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

सहा वाजता लोक पांगले. वैशाली आणि मी दोघीच उरलो. किल्ल्या आता माझ्याकडे असतात. ती दाराशी थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, काही राहिलंय का?"

"हो," मी म्हटलं. "त्यांना सांगायचं राहिलं."

तिने आत जाऊन पंखे बंद केले आणि मी कुलूप लावलं.