दीड तासावरची लेक

"नागपूर काय, दीड तासावर!" असं कुणी म्हणालं ना, की त्याला पनवेलजवळच्या विचुंब्यापासून सांताक्रूझच्या विमानतळापर्यंत भर उन्हात गाडीत बसवावंसं वाटतं. विमान दीड तासच घेतं, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्या विमानापर्यंत पोचायचं कसं? कळंबोलीला अडका, वाशीच्या पुलावर अडका, मानखुर्दला अडका, आणि कुर्ल्याला तर देवाचं नाव घ्या. आम्ही इथे घर घेतलं तेच मुळी पनवेलला विमानतळ होणार म्हणून. बिल्डरच्या माणसाने गच्चीवरून उलव्याकडे हात दाखवला होता, "दहा मिनिटं, मॅडम!" बिल्डिंगचा रंग उडाला, तरी तिकडे आपला डोंगरच.

आई नागपुरात एकटी. इकडे राहायला ये म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "काहून येऊ बाप्पा? तू दीड तासावर तर आहेस." बाबा गेल्यावर त्या दीड तासाच्या भरवशावरच तिने घर सोडलं नव्हतं. मी "विमानात बसले" असा फोन केला की ती कणीक भिजवायला घ्यायची. तिच्या लेखी माझा प्रवास तिथून सुरू व्हायचा. त्याआधीच्या रस्त्याचं रडगाणं मी कितीदा गायले, पण ती आपली "हो का?" म्हणून मोकळी.

एका सकाळी तिच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती, पाय हलवता येत नव्हता. दवाखान्यात हलवा, मी निघालेच, असं सांगून मी दुपारचं तिकीट काढलं आणि नाक्यावरची गाडी धरली. ड्रायव्हर इथलाच, गावातला. म्हणाला, "इमान नाय चुकनार, ताय." मानखुर्दला टँकर आडवा झाला होता. ड्रायव्हर बिचारा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला, मी त्याच्यावर ओरडले, मग तेही सोडून दिलं. विमान चुकलं. पुढचं संध्याकाळी होतं. काकूंना फोन केला तर त्या "हो हो, तू ये गं" एवढंच म्हणाल्या.

नागपूरच्या घराचं दार उघडंच होतं. आई हॉलमध्ये गादीवर, पाय सुजून टम्म. दवाखान्यात नाही, तिथेच! काकू रडकुंडीला आल्या होत्या. "डॉक्टर घरी येऊन गेले, अ‍ॅम्ब्युलन्स परत पाठवली हिने. माही पोर येऊन राहिली, दीड तासाचा तर सवाल आहे, असंच सांगते सकाळपासून. हात लावू देत नाही."

मला तिचा असा राग आला की मी तडक स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर ताटाखाली कणीक झाकलेली होती. सकाळीच तिने ती काकूंकडून भिजवून घेतली होती, आता वरून काळी पडली होती.

तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ सुकले होते. "विमान उशिरा सुटलं का गं?"

सकाळपासून तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं.

"हो आई. विमानच उशिरा सुटलं."

"तरीच," ती म्हणाली, आणि काकूंना म्हणाली, "बोलवा आता त्या दवाखान्याच्या गाडीवाल्याला."