समुद्रावरची येळवस

लग्नात मी एकही अट घातली नव्हती. पन्नाशीत एक घातली. "येळवशीपर्यंत बघते. जमलं तर ठीक, नाहीतर बोट विकायची आणि सरळ लातूर गाठायचं." नवरा लगेच हो म्हणाला. जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनं सांभाळलेला माणूस. आत्ता हो म्हणून टाकावं, पुढचं पुढं, असा हिशेब त्यानं केला असणार. पण मी अट विसरणाऱ्यांतली नाही. लातूरला क्लासच्या पोरांची मेस चालवली आहे मी. कोण वांग्याची भाजी ताटाखाली लपवतो आणि कोण शेजाऱ्याची पोळी उचलतो, हे मला पाठ असायचं.

बोट जुनी, शिडाची, आमच्या मेसच्या स्वयंपाकघराहून थोडीच लांब. निवृत्त झाल्यावर त्यानं ती मलेशियातल्या लंकावी बेटावर घेतली. तिथून वर थायलंडपर्यंत बेटांची रांगच आहे, तिच्यात हिंडत राहायचं हे त्याचं जुनं स्वप्न. ही बातमी रेणापूरला सासरी पोचली तेव्हा कौतुक कमी आणि चेष्टाच जास्त झाली. टँकरमागं घागरी घेऊन पळणारी माणसं आता पाण्यावर संसार मांडणार, म्हणून भावकीला हसू आवरेना. सासरे तेवढे हसले नाहीत. "काय बी करा," ते म्हणाले, "पर येळवशीला शेतात दिसा."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षाच्या शेवटी येते आणि त्या दिवशी आमच्याकडची शहरं ओस पडतात. ज्वारी-हरभरा उभा असतो, रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, बांधतात, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे आणि मडक्यात आंबवलेली ज्वारीची आंबील घेऊन सगळं घर तिथं जातं. पूजा झाली की घरधनी उभ्या पिकाला फेरी घालत आंबील शिंपडतो. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी आपल्या शेतात नेतंच, आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून पानावर बसवतात. मीसुद्धा त्या दिवशी मेस बंद करून पोरांना जीपमध्ये कोंबायचे आणि रेणापूरला घेऊन जायचे. लग्न झाल्यापासून माझी एकही येळवस चुकली नव्हती.

तर बोटीवर आलो. पहिले काही आठवडे मी समुद्र पाहिला नाही, बादली पाहिली. इकडे नवरा घरच्यांना फोटो पाठवायचा: पांढरी वाळू, वाकलेले माड, हिरवंनिळं पाणी. त्या फोटोत मी कुठेच नसायचे, कारण मी बादलीशी असायचे. पोट सावरल्यावर कामाला लागले. भांडी समुद्राच्या पाण्यानं घासायची आणि शेवटी पेलाभर गोड्या पाण्यानं विसळायची, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. लातूरची बाई त्या पेल्यातही थोडं वाचवते आणि त्यात फडकं धुते.

सुकाणूनं मात्र माझा अंत पाहिला. आमच्या बोटीला चाक नव्हतं, लांब दांडा होता. तो उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळायची. नवरा पुस्तक उघडून, बाण काढून समजावत बसायचा आणि मी हमखास चुकायचे. "अगं उलटं, उलटं!" असं त्यानं ओरडावं आणि मी दांडा सोडून चहा करायला आत जावं, हे रोजचंच. मग एके दिवशी, त्याचं तोंड बंद असताना, मला हदगावची आठवण झाली. माझं माहेर तिथलं. लहानपणी वडिलांबरोबर बाजारात कापूस घालायला जायचे, तेव्हा भरलेली ट्रॉली मागं घ्यायला मीच ट्रॅक्टरवर बसायचे. ट्रॉली मागं घेताना स्टेअरिंग उलटंच फिरवावं लागतं. मी दांडा हातात घेतला, डोळ्यांपुढं ट्रॉली आणली आणि बोट बरोबर वळली. नवऱ्यानं पुस्तक मिटलं.

तरी वळवणं वेगळं आणि तिथं राहणं वेगळं. येळवस जवळ आली तशी मी रोज कॅलेंडर उघडून बसू लागले. बोट अधेमधे टाकून गावी जाणं जमणार नव्हतं. तसं कळवल्यावर सासरे फोनवर एवढंच म्हणाले, "मग इकून टाका अन् या." नवरा शेजारी बसून ऐकत होता. तो डोलकाठीकडे बघत राहिला. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून रागही आला.

येळवस मात्र मी सोडणार नव्हते. एका बेटाच्या आडोशाला चांगला किनारा आहे असं कळलं होतं, तिथं करायची ठरवली. लातूरहून आणलेलं ज्वारीचं पीठ शिजवलं, ताक घातलं, लसूण-जिरं-मीठ घातलं. मडकं बोटीत टिकलं नसतं, म्हणून आंबील प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरली. हेलकाव्यांनी सांडू नये म्हणून झाकण दात-ओठ खाऊन आवळलं.

येळवशीच्या आदल्या दिवशी निघालो. दुपारी वारा एकदम वाढला, म्हणून नवरा मोठं शीड उतरवायला पुढं गेला. शीड उतरलं, पण तो वाकलेला वर येईना. कमरेत उसण भरली होती. रांगत रांगत तो आत गेला आणि बाकावर आडवा झाला.

"आता?" मी विचारलं.

"आता तूच," तो आतून म्हणाला.

मला पोहता येत नाही. अंगात लाईफ जॅकेट होतं, समोर लाटा होत्या. इंजिन चालू करून मी दांडा धरला. आतून सूचना येऊ लागल्या: अमुक बघ, तमुक कर, इंजिनाचा आवाज वेगळा यायलाय. तेवढ्यात आत धडाम् झालं. वाटलं, गॅसचा स्फोट झाला.

"अहो!"

मग रडका आवाज आला, "जिता हाय मी. आंबील फुगून फुटली तुझी. तोंडावर आली, छतावर गेली, लई आंबट हाय!"

मी हसत सुटले. तो आंबिलीत न्हालेला, उठता येत नाही, पुसता येत नाही, आणि वर चव सांगतोय. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि भीती कधी गेली ते कळलंच नाही.

"आता गप पडा," मी ओरडले. "मला काम करू द्या."

बेटाजवळ पाण्याखाली प्रवाळाचे खडक होते. पाणी तपकिरी दिसलं की खडक, गर्द निळं दिसलं की खोल, एवढं मला ठाऊक होतं. निळ्याची पट्टी अरुंद होती. मी अगदी सावकाश, लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या गर्दीतून स्कूटी काढतात तशी, बोट आत घेतली. पुढं पळत जाऊन नांगर सोडला, मागं येऊन इंजिन उलटं टाकलं, साखळी ताणली आणि बोट जागच्या जागी थांबली. मी थांबवली. शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्या परदेशी जोडप्यानं टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मी हजारो ताटं वाढली, पण टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला छोट्या होडीत घालून किनाऱ्यावर नेलं आणि मी झावळ्यांची कोप बांधली. चवळीच्या शेंगा, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, चिंच, जे होतं त्याची भज्जी केली. कॅनच्या तळाशी उरलेली आंबील पूजेपुरती आणि घोट घोट पुरली. येळवशीला शेजारी उपाशी ठेवत नाहीत, म्हणून त्या जोडप्याला हाताला धरून आणलं. त्यांनी भज्जी दोनदा मागून घेतली. जेवणं झाल्यावर नवऱ्याला धरून धरून बोटीवर आणलं, कारण फोनला रेंज तिथंच होती.

रेणापूरच्या शेतातून सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल लागला. मागं कडब्याची कोप, हिरवागार हरभरा, गावच्या बायकांचा गलका. सासऱ्यांनी बोट आतून कशी आहे ते दाखवायला सांगितलं. मी फोन आत फिरवला.

"छताला काय लागलंय ते?"

"आंबील हाय, मामा. काल कॅन फुटला. सगळ्या बोटीवर उडाली."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "म्हंजी शिंपडून झाली म्हण की."

"हाव. झाली."

"मग कधी येता? इकायचं काय ठरलं?"

नवरा बाकावर पडल्या पडल्या भिंतीकडे बघायला लागला. महिनाभर त्यानं एकदाही मला विचारलं नव्हतं. त्याच्या कानामागं वाळलेली आंबील तशीच होती. मी म्हणाले, "मामा, आंबील शिंपडून झाल्यावर उभं पीक कुणी इकतं का? बोट न्हाई इकायची. मी हाकते."

नवरा उठायला गेला आणि कमरेच्या कळेनं ओरडला. हसत होता की रडत होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

फोनमध्ये सासऱ्यांनी पागोटं सारखं केलं. "पुढच्या येळवशीला मी येतो," ते म्हणाले. "मला पोहता येत न्हाई."

"मलाबी येत न्हाई, मामा."

"तिकडं कडबा मिळतो का?"

"झावळ्या मिळतात."

"भागतंय," ते म्हणाले. "कोप मी बांधतो. तू बोट हाक."