बाटलीतली लाल शाई

छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात तिचं नाव पडलं होतं ‘आमेन’. कुणी नुसतं शिंकलं तरी टेबलाच्या टोकाहून कुणीतरी तिला चिडवत ‘आमेन’ म्हणायचं आणि बाकीचे दात काढायचे. का, तर डबा उघडण्याआधी ती डोळे मिटून दोन शब्द पुटपुटायची. सोळा वर्षं पुस्तकांचे छापील फर्मे क्रमानं जुळवताना तिच्या हातून एक पान मागेपुढे झालं नव्हतं, ते मात्र कुणाच्या तोंडी नाही.

तिची नणंद शेजारच्याच टेबलावर मुखपृष्ठं चिकटवायची. चर्चमध्ये दोघी एका बाकावर बसत. पण कामावर नणंद आपली प्रार्थना नळाशी हात धुताधुता उरकायची, कुणाला दिसू नये म्हणून.

त्या दुपारी वहिनीचे डोळे मिटलेले असताना खात्यातल्या मशीनमननं तिच्या स्टीलच्या बाटलीत शिक्क्याची लाल शाई ओतली. नणंदेनं पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं आणि सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळतील या धाकानं मिटलं. तेवढ्यात वहिनीनं घोट घेतला. ओठ, हनुवटी, पदर, सगळं लाल.

“प्रभूचा चमत्कार! पाण्याचा द्राक्षारस झाला की!” मशीनमन म्हणाला. खातं खदाखदा हसलं.

वहिनीनं चूळ भरली, तोंड धुतलं आणि बाटली त्याच्यापुढे ठेवली.

“शाई तुम्ही घातलीत, धुऊनही तुम्हीच द्या. मला खुशाल हसा. प्रभूचं नाव मात्र थट्टेला घेऊ नका.”

तो हसत राहिला, पण आता एकटाच. शेवटी बाटली उचलून नळाकडे गेला. माफीचा शब्द मात्र त्यानं आजतागायत काढलेला नाही.

घरी जाताना नणंदेच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मालकांकडे जा, त्याला कामावरून काढायला लावा, असं ती पुनःपुन्हा सांगत होती.

“तुम्हाला राग कसा येत नाही, वहिनी?”

“येतो ना. आज तर फार आला.”

मग त्याला शाई ओतताना आपण पाहिलं होतं, तरी ओरडलो नव्हतो, हे नणंदेनं सांगून टाकलं. वहिनी थबकली. तिच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसलं, ते ती शाईनं माखली तेव्हाही दिसलं नव्हतं. ती म्हणाली, “सांगितलंस, बरं केलंस,” आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी नणंद डबा घेऊन वहिनीशेजारी बसली आणि सगळ्यांदेखत तिनं हात जोडले. “ही दुसरी आमेन,” कुणीतरी म्हणालं. तिचे कान तापले. संतापानं तिला प्रार्थनेचा एक शब्द आठवेना. पण तिनं हात सोडले नाहीत.